हौशी रेसिंग टीमचे शर्ट: डिझाइनवरून घोडं अडलंय

स्टॉपवॉच

नमस्कार मंडळी,

आमची एक हौशी टीम आहे. जुनी हॅचबॅक, आतून सगळी सोलून रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा सांगाडा) बसवलेली, दोन चालक आणि बाकीचे आम्ही पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी कामासाठी थांबते तिथे, राबणारे. एन्ड्युरन्स रेस करतो, म्हणजे गाडी तासन्‌तास पळते, मध्ये चालक बदलायचे, इंधन भरायचं, टायर बघायचे. पगार कुणालाच नाही. मी लॅप टाइम लिहिते आणि पिट बोर्ड, म्हणजे चालकाला निरोप द्यायची पाटी, दाखवते. 'तुझं अक्षर बरं आहे' एवढ्या पात्रतेवर यंदा शर्टांचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

चौदा शर्ट हवेत. आजवर जो तो घरचा टी-शर्ट घालून यायचा, त्यामुळे गाडी पिट लेनमध्ये शिरली की चालकाला आपली माणसं कोणती तेच कळायचं नाही. मागच्या शर्यतीत तर पठ्ठ्या सरळ शेजारच्या टीमपुढे जाऊन थांबला. त्यांनी हसत हसत पुढे धाडला, पण वेळ गेला तो गेलाच. शर्ट हवेत यावर सगळ्यांचं एकमत झालं ते तेव्हा. त्यानंतर कशावरच झालेलं नाही.

आमच्या मोठ्या चालकाला (वयाने आणि आवाजानेही मोठा) अंगभर छपाई हवी आहे. बाजूंना कार्बन फायबरची वीण, बाह्यांवर ज्वाळा, पाठीवर गाडीचा फोटो. मोबाइलवर चित्रसुद्धा करून आणलंय त्याने. मुख्य मेकॅनिक म्हणतो, "सुती दे, बटणं नकोत, लांबीला जरा जास्त ठेव. वर काय छापायचं ते छाप." प्रायोजक पाच. त्यातला एक चालकाचा मेव्हणा. त्याने लोगो म्हणून व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवलाय, कडेला त्याचा अंगठा दिसतो. पाचही जणांना छातीवरच जागा हवी आहे.

गाडी गडद निळी आहे, छतावरून पिवळा पट्टा.

आता प्रश्न. कापड ड्राय-फिट घेऊ की सुती? सब्लिमेशन, डीटीएफ, स्क्रीन, भरतकाम यातलं चौदा नगांना काय परवडेल आणि काय टिकेल? पाच लोगो बसवू कुठे? आणि टीमचं नाव देवनागरीत हवंय, पण एका फुकटातल्या डिझाइनच्या साइटवर टाकलं तर जोडाक्षर फुटलं आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटली. छापखान्यातही असंच होणार का?

मागचं_चाक

ज्वाळा आणि कार्बन फायबर, दोन्ही? एकाच शर्टावर? एक ना धड, भाराभर चिंध्या.

रेसिंगमध्ये रंग मुळात सजावटीसाठी आलेच नाहीत, ओळख पटावी म्हणून आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्या देशाच्या रंगात असायच्या. ब्रिटिश हिरव्या, फ्रेंच निळ्या, इटालियन लाल, बेल्जियन पिवळ्या, जर्मन आधी पांढऱ्या आणि १९३०च्या दशकात चंदेरी झालेल्या. एका गाडीला एक रंग, विषय संपला. १९६८ साली लोटसच्या फॉर्म्युला वन गाड्या गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात आल्या आणि हळूहळू प्रायोजकाचा रंग तोच टीमचा रंग असं होत गेलं. तरी त्यातही लक्षात कोण राहिलं बघा. गल्फ या तेल कंपनीची फिकट निळी-नारिंगी. त्या रंगातली फोर्ड जीटी४० १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि दोन्ही वर्षी गाडीसुद्धा तीच होती. अर्धशतक उलटलं तरी ती जोडी लांबून ओळखू येते, कारण रंग दोनच आहेत.

तुमच्याकडे निळा-पिवळा आयता आहे. तिसरा रंग घुसवायला आलेल्याला दारातूनच परत पाठवा.

जाळी_आणि_शाई

ताई, माझं उभं आयुष्य स्क्रीन प्रिंटिंगमध्ये गेलं. आता लेक कार्टिंग करते, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिच्या पिटमध्ये अग्निशामक सिलिंडर धरून उभा असतो. त्यामुळे शर्ट छापणाऱ्याचं आणि घालणाऱ्याचं, दोघांचंही दुखणं ठाऊक आहे. जरा लांबण लागेल.

सगळे जण 'काय छापू' इथून सुरुवात करतात. तुमचा चालक शेजाऱ्याच्या दारात थांबला, म्हणजे तुम्हाला खरी सुरुवात आयती मिळाली आहे. हा शर्ट सगळ्यात आधी त्याने ओळखायचा आहे. कसा ओळखणार? हेल्मेटच्या फटीतून, हलत्या गाडीतून, ओळीने उभ्या असलेल्या परक्या माणसांच्या घोळक्यातून. अशा वेळी अक्षर दिसत नाही, लोगो तर नाहीच नाही. दिसतो तो रंगाचा ठोकळा. आणि त्या क्षणी तुमची माणसं त्याच्याकडे तोंड करून उभी असतात, म्हणजे त्याला दिसते छाती आणि खांदे. गाडी थांबली की सगळं उलटतं. सगळे बॉनेटवर नाहीतर चाकांशी वाकलेले, आणि बाहेरच्यांना, फोटो काढणाऱ्यांना दिसतात नुसत्या पाठी.

म्हणून माझी वाटणी ठरलेली आहे. छाती चालकाची, पाठ प्रायोजकांची. छातीवरच जागा हवी म्हणणाऱ्या पाचही जणांना पिटमधले चार फोटो दाखवा. गळ्यात पास लोंबतोय, रेडिओचा पट्टा आडवा गेलाय, हेडसेट मानेत अडकवलाय, नाहीतर हाताची घडी घातलेली आहे. छातीवरचा लोगो दिसतोय कुठे? पाठीवर आडवं यायला काही नसतं.

आता रंग. गडद निळा गॅरेजच्या सावलीत काळाच दिसतो, आणि काळे शर्ट तर निम्म्या टीमचे असतात. तुमचा पिवळा वर आणा. त्यासाठी अंगभर छपाई लागत नाही. रॅगलान बाहीचा टी-शर्ट बघा. त्यात बाही खांद्यावर संपत नाही, तिरपी शिवण थेट गळ्यापर्यंत जाते. अंग निळं आणि बाह्या पिवळ्या घेतल्या की दोन्ही खांदे आपोआप पिवळे. शाईचा एक थेंब खर्च न करता चालकाला हवा तो ठोकळा मिळाला. हात वर करायलाही ती बाही मोकळी पडते. पोटाशी निळा राहतो, ग्रीस तिथेच पुसलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

कापड. इथे तुमच्या मेकॅनिकच्या बाजूने मी भांडायला तयार आहे. ड्राय-फिट म्हणजे पॉलिएस्टर. घाम ओढतं, पटकन वाळतं, हलकं असतं, सगळं मान्य. पण पॉलिएस्टर जळण्याआधी वितळतं, साधारण २५० अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. सुती कापड पेटतं, नाही असं नाही, पण चिकटत नाही. जिथे पेट्रोलचे कॅन उघडतात, तापलेल्या एक्झॉस्टखाली हात घालावा लागतो, तिथे मी पॉलिएस्टर घालून कुणाला उभं करणार नाही. सुती, विंचरलेल्या सुताचं, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपास. १४०-१५०चं घेतलं तर पातळ पडतं, धुऊन धुऊन पिळा पडतो. २२०चं घेतलं तर दुपारी माणूस उकडून निघतो.

बटणांबद्दलही तो बरोबर आहे. फेंडरवर वाकलेल्या माणसाच्या शर्टाचं बटण किंवा झिप रंगावर ओरखडा काढते. कॉलर हवीच असेल तर पोलोची बटणपट्टी झाकलेली घ्या. लोंबती नाडी, रुंद घोळ असं काही नको. फिरत्या पट्ट्याला आणि पंख्याला तेवढंच निमित्त पुरतं.

आता छपाई. प्रत्येक पद्धत कुठे अडते तेवढं सांगतो, म्हणजे निवड आपोआप होईल.

सब्लिमेशनमध्ये रंग कागदावर छापतात आणि २०० अंशांच्या आसपास दाबतात. तिथे रंगाची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. हाताला काही लागत नाही, तडकत नाही, उडत नाही. तुमच्या चालकाच्या ज्वाळा याच पद्धतीने होतील. पण त्याला कापड पॉलिएस्टरच लागतं आणि तेही पांढरं किंवा फिकट, कारण या पद्धतीत पांढरी शाई नसते. सुती कापडावर केलं तर दोन धुण्यांत सगळं फिकट. म्हणजे अंगभर छपाई हवी म्हटलं की पॉलिएस्टर आलंच. चालकाला हे सांगा. त्याचा वाद माझ्याशी नाही, कापडाशी आहे.

डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून, गोंदाची पूड टाकून, तापवून चिकटवणं. कुठल्याही कापडावर बसतं, रंग हवे तेवढे, एकच नग असला तरी चालतं. पण मोठा भरीव ठोकळा छापला तर पाठीवर प्लास्टिकचा तुकडा बांधल्यासारखं होतं, खालून घाम निथळतो. लहान, मोकळ्या चित्राला उत्तम. शर्टावर माणसाचं नाव टाकायचं असेल तर हीच पद्धत, कारण दर शर्टाला नाव वेगळं.

स्क्रीन, म्हणजे माझं पोट. दर रंगाला वेगळी जाळी बनवावी लागते. खर्च आहे तो जाळीचा, शर्टाचा नाही. तीन शर्टांना महाग पडतं, तीनशेंना स्वस्त. चौदा ही मधली जागा आहे, म्हणून रंग कमी ठेवा. एक गोष्ट मात्र छापणाऱ्याला आठवणीने विचारा. निळ्या कापडावर पिवळी शाई थेट मारली तर ती हिरवट दिसते. खाली पांढऱ्याचा थर लागतो, नाहीतर दाट झाकणारी शाई. म्हणजे 'एकच रंग' म्हणताना पाठीसाठी दोन जाळ्या धरा.

लोगो पाचही पिवळ्या एका रंगात करून घ्या. कुरकूर होईल. पण मोठ्या कंपन्यांकडे लोगोचं एकरंगी रूप तयारच असतं, नुसतं मागायचं असतं. लहान धंदेवाल्यांकडे नसतं, त्यांना तुम्ही करून दिलंत तर उलट खूश होतात. लोगो लावताना उंची सारखी करू नका, वजन सारखं करा. लांबट नाव आणि गोल शिक्का एकाच उंचीचे केले की त्यातला एक दुसऱ्याच्या दुप्पट वाटतो आणि मग पैसे देणारा मोजपट्टी घेऊन येतो. डोळे बारीक करून लांबून बघा, पाचही सारखेच धूसर दिसले की झालं.

मेव्हण्याच्या कार्डावरून लोगो नव्याने वेक्टरमध्ये रेखून घ्या, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा फुटत नाहीत; '.ai' किंवा '.svg' फाइल. आणि रेखलेला त्याला दाखवून लेखी 'चालेल' घ्या. नात्यातलं आहे म्हणूनच लेखी घ्या.

टीमचं नाव पाठीवर वर. कॉलरच्या शिवणीपासून चार बोटं सोडून सुरू करा, रुंदी २८-३० सेंटीमीटर. पाठीचा खालचा अर्धा भाग विसरा. माणूस वाकला की तो चुरगळतो, बसला की दबतो, पट्ट्यात खोचला की गडप. अक्षराच्या आकाराचा फलक रंगवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दहा फुटांना एक इंच. म्हणजे अक्षर तीन इंच उंच असेल तर तीस फुटांवरून आरामात वाचता येतं. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार जागा खातात, म्हणून तीन इंच मोजायचे ते नुसत्या अक्षराचे, शिरोरेषेपासून खाली. आणि जाड वळणाचं घ्या. बारीक रेघेचं सुलेखन कागदावर छान दिसतं, जाळीतून उतरताना काना-मात्रा पातळ पडतात आणि जोडाक्षरातली पोकळी शाईने बुजते.

जोडाक्षर फुटायचं कारण तुमचा फाँट नाही. देवनागरीत अक्षरं नुसती शेजारी शेजारी ठेवून भागत नाही, सॉफ्टवेअरला ती जुळवावी लागतात. पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी आधी. ज्या सॉफ्टवेअरला ही जुळणी येत नाही ते सगळं सुटं सुटं मांडतं. युनिकोड नीट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहा, डोळ्यांनी तपासा आणि अक्षरांचं 'आउटलाइन' करून मगच फाइल पाठवा. म्हणजे ती अक्षरं न राहता नुसत्या आकृत्या होतात. छापखान्याच्या संगणकावर तो फाँट असो वा नसो, काही फुटत नाही. आउटलाइन केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

सुई_बॉबिन

मी भरतकामाच्या मशीनवर असते. तुमच्या प्रश्नात भरतकाम आहे म्हणून लिहिते.

पाठीवर करूच नका. एवढं मोठं भरीव काम टी-शर्टच्या कापडाला पेलत नाही, चहूबाजूंनी चुण्या पडतात, आतून टाके टोचतात ते वेगळंच. छातीवर डावीकडे आठ-नऊ सेंटीमीटरचं छोटं चिन्ह असेल तर भरतकामासारखं टिकाऊ काही नाही, पण त्यालाही मागे अस्तर लागतं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर धाग्यात उतरत नाही. देवनागरीत तर त्याहून मोठं धरा, अनुस्वाराची नुसती गाठ होते. आणि तुमची वेक्टर फाइल मशीनला थेट चालत नाही, टाक्यांची फाइल वेगळी करावी लागते. ती एकदाच करायची, मग टोपीवर, जाकिटावर, कुठेही वापरता येते.

आमच्याकडे आलात तर मी तुम्हाला टोप्या भरून देईन आणि शर्टांसाठी वरच्या दादांकडे पाठवेन.

स्टॉपवॉच

सगळ्यांचे आभार. जाळी_आणि_शाई काका, तुमचा प्रतिसाद पिटच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. मेकॅनिकने अंगठा वर केलाय, हे त्याच्याकडून खूपच झालं.

चालकाचं म्हणणं असं: "मी रेस सूट घालतो, त्यावरच ज्वाळा छापून घेईन. नाहीतर सूटच्या आत ड्राय-फिट घालीन, घाम तरी जाईल." शिवाय त्याच्या मित्रमंडळींना, घरच्यांना, जे नुसते ओरडायला येतात, त्यांना शर्ट हवेत. ते पिटमध्ये शिरणार नाहीत. त्यांना पॉलिएस्टर चालेल ना?

आणि पिवळ्याबद्दल एक शंका. पिवळा झेंडा धोक्याचा असतो. पिवळे खांदे चालतात?

तपासनीस

चालकाच्या दोन्ही कल्पना जागच्या जागी थांबवा.

रेस सूटचं कापड, उदाहरणार्थ नोमेक्स, वितळत नाही, काळं पडून घट्ट होतं, आणि त्याच्या थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. त्याच्यावर गरम दाबून काही चिकटवलं की त्या जागी सुरक्षितता गेली असं समजा. एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमांत सूटवरच्या भरतकामालाही अटी आहेत. टाके फक्त सगळ्यात बाहेरच्या थरातून जायला हवेत, बिल्ल्याचं मागचं कापड आणि धागा दोन्ही आगीला दाद न देणारे हवेत. सूटला ८८५६-२०१८चं, म्हणजे एफआयएच्या आगरोधक कपड्यांच्या मानकाचं, लेबल असेल तर ज्वाळांपायी ते वाया घालवू नका. तपासणीत असा सूट समोर आला तर मी तो बाजूला ठेवतो.

सूटच्या आत ड्राय-फिट तर मुळीच नको. सूट ज्वाळा रोखतो, पण उष्णता थोडी आत येतेच, आणि आतलं कापड वितळणारं असेल तर जखम त्यानेच होते. आत आगरोधक अंतर्वस्त्रं. तुमच्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत ती सक्तीची आहेत का ते बघा, नसली तरी घाला. इंधन भरणाऱ्यांचंही त्याच पुस्तिकेत बघा. बऱ्याच स्पर्धांत त्यांनाही सूट, बालाक्लावा (डोकं-मान झाकणारी टोपी), हातमोजे लागतात. तसं असेल तर त्यांचा टीमचा शर्ट त्या वेळी दिसणारच नाही, आणि छापलेला शर्ट सूटच्या आत घालून उभं राहायचं नाही.

पिवळ्या खांद्यांना काही होत नाही. अंगभर भगभगीत पिवळा किंवा लाल शर्ट घालून पिट वॉलवरून हात हलवणारा माणूस मात्र मला नको वाटतो, आणि हातात पिवळा टॉवेल असेल तर त्याहून नको. नारिंगीपासूनही लांब राहा, बऱ्याच ठिकाणी मार्शल, म्हणजे ट्रॅकवर झेंडे दाखवणारे, त्याच रंगात असतात. आणि हो, फ्लोरोसंट पिवळा घेतलात म्हणून अंधारात चमकेल असं समजू नका. तो दिवसाउजेडी आणि संधिप्रकाशात उठून दिसतो. रात्री प्रकाश परत फेकणारी पट्टी लागते.

जाळी_आणि_शाई

तपासनीस साहेबांनी माझं एक काम वाचवलं. त्यात थोडी भर. स्क्रीनची जी नेहमीची शाई असते, प्लास्टिसॉल, तीसुद्धा मुळात पीव्हीसीच. सुती शर्टावर मोठा छाप असेल तर तेवढ्या भागापुरतं तुम्ही प्लास्टिकच घातलेलं असतं. म्हणून आगीच्या सगळ्यात जवळ जाणाऱ्यांसाठी पाण्यातल्या शाईने छापून घ्या, ती कापडावर थर न करता मुरते. गडद निळ्या सुतीवर डिस्चार्ज नावाची पद्धत असते. त्यात शाई कापडाचा मूळ रंग उडवून त्या जागी आपला बसवते. हात फिरवला तर छापलंय हे कळतसुद्धा नाही. सगळेच छापखाने करत नाहीत, सगळ्याच निळ्यांवर उठतही नाही, एका शर्टावर करून बघायला सांगा.

ओरडायला येणाऱ्यांना पॉलिएस्टर खुशाल द्या. त्यांच्यासाठी चालकाच्या ज्वाळाही छापा, तोही जरा निवेल. फक्त आधीच रंगवलेला पॉलिएस्टर शर्ट आणून त्यावर पांढरं छापायला जाऊ नका. दाबताना कापडाचा रंग उष्णतेने वाफ होऊन वर शाईत चढतो. लाल शर्टावरचं पांढरं दोन दिवसांत गुलाबी, निळ्यावरचं आकाशी. दुकानातून नेताना स्वच्छ असतं, म्हणून भांडण नंतर होतं. त्यासाठी रंग अडवणारा करडा थर आणि कमी तापमानावर पिकणारी शाई मिळते. छापणाऱ्याला 'रंग चढतो, त्याला काय करता' एवढं विचारा. त्याने लगेच उत्तर दिलं तर काम द्या. 'आमच्याकडे तसं होत नाही' म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

दोन गोष्टी राहिल्या, मापं आणि नमुना.

मापं तोंडी विचारू नका. 'एल' म्हणजे काय हे प्रत्येक शिवणारा आपापलं ठरवतो. प्रत्येकाला त्याचा नीट बसणारा एक टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायला सांगा, लांबी खांद्याच्या वरपासून खाली, आणि ते आकडे शिवणाऱ्याच्या तक्त्याशी ताडून बघा. मेकॅनिक लांबी मागतोय ते वाकल्यावर कंबर उघडी पडते म्हणून. त्याच्यासारख्यांना एक माप वरचं देऊ नका, त्याने खांदे लोंबतात. नुसती लांबी पाच सेंटीमीटर वाढवून मिळते का बघा. टीममध्ये बायका असतील तर त्यांना पुरुषी मापाचा 'एस' देऊन वाटेला लावू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आधी आटवून घेतलेलं आहे का ते विचारा.

चौदा हवेत तर सोळा-सतरा करा, जास्तीचे मधल्या मापाचे, नाव न घातलेले. पुढच्या हंगामात नवा माणूस आला आणि एकच शर्ट मागवला तर जाळी पुन्हा लावण्याचे पैसे पडतील, आणि कापडाचा लॉट बदलला असला तर निळा जुळणार नाही. पिवळा तर हमखास जुळत नाही.

नमुना एक तरी छापून घ्या, त्याच कापडावर, त्याच शाईने. मोबाइलच्या पडद्यावरचा पिवळा प्रकाशातून बनतो, कापडावरचा शाईतून, ते दोन कधी एक नसतात. शक्य असेल तर पॅन्टोनचा, म्हणजे छपाईतल्या ठरलेल्या रंगांच्या तक्त्यातला, क्रमांक द्या, नाहीतर गाडीच्या पट्ट्याच्या रंगाचा तुकडा नेऊन शेजारी धरा. मग तो नमुना मेकॅनिकच्या अंगात घाला, पिटच्या सावलीत उभा करा आणि चालकाला गाडीत बसवून, हेल्मेट घालून, लेनच्या तोंडापासून बघायला सांगा. त्याला दिसला तरच बाकीचे छापा.

मागचं_चाक

धुण्याचं कुणी लिहिलं नाही. उलटा करून, गार पाण्यात, छापावर इस्त्री नाही. ड्राय-फिटला फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून घाम ओढणं बंद होतं. ग्रीसच्या डागावर भांड्यांचा साबण, पाणी लावायच्या आधी.

स्टॉपवॉच

ठरलं. निळं अंग, पिवळ्या रॅगलान बाह्या, सुती १८०, गोल गळा. पाठीवर वर टीमचं नाव, खाली पिवळ्यात पाच लोगो, वर तीन आणि खाली दोन. छाती मोकळी ठेवली आहे, फक्त डावीकडे भूमिका: 'टायमिंग', 'टायर', 'इंधन'. नावांऐवजी भूमिका घातली म्हणजे शर्ट माणसाबरोबर निघून जाणार नाही, ही मेकॅनिकची अक्कल. ओरडणाऱ्यांना पांढऱ्या पॉलिएस्टरवर ज्वाळा. त्यावरचा गाडीचा फोटो मात्र रद्द, कारण तिचा फोटो आहे तो डावा दिवा फुटलेला असतानाचा.

मेव्हण्याचा लोगो रेखून पाठवला. लेखी उत्तर आलं: "छान आहे, पण माझा पाठीवर सगळ्यात वर येईल ना?"

काका, याला काय सांगू?

जाळी_आणि_शाई

लोगो दर वर्षी एक घर पुढे सरकतात असं सांगा, आणि पहिल्या वर्षाची सुरुवात बाराखडीने करा. त्याच्या दुकानाचं नाव 'अ'ने सुरू होत नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.